अळ्यांना मज्जाव

दंतवैद्यबाईंच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवं झालं की छतावर चिकटवलेलं एक भलंमोठं फुलपाखरू दिसायचं. दात कोरून घेताना माणसाचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून ते लावलंय, असा सगळ्यांचा समज. खरं तर ते फुलपाखरू नव्हतंच, पतंग होता. चित्र विकणाऱ्यानं बाईंना चक्क फसवलं होतं आणि ते त्यांना घरी आल्यावर कळलं. पण पतंगालाही काही मान असतोच, म्हणून त्यांनी ते राहू दिलं. तोंडात कापूस कोंबलेल्या माणसाला त्या हा किस्सा ऐकवायच्या. पतंग बसताना पंख कसे पसरून ठेवतो आणि फुलपाखरू कसे मिटतं, हे सांगून होईपर्यंत दाढ भरून झालेली असायची.

हा नाद त्यांना शाळेत असल्यापासूनचा. वैद्यकीच्या अभ्यासातही सुटला नाही, संसारातही सुटला नाही. उलट संसारच त्यामुळे जमला. त्यांचे यजमान नकाशे काढण्याच्या खात्यात होते, आता निवृत्त झालेले, आणि त्यांना वेड पक्ष्यांचं. अंघोळीला जाताना टॉवेल विसरतील, पण गळ्यातली दुर्बीण विसरायचे नाहीत. वसाहतीत त्यांना दुर्बीणकाका म्हणत. बाईंना समोर डॉक्टरबाई आणि पाठीमागे अळीबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांची खरी भांडणं एकाच गोष्टीवरून झाली. त्यांचे पक्षी हिच्या अळ्या खायचे.

"त्या बुलबुलीनं आज पुन्हा लिंबाची कुंडी साफ केली," बाई सकाळी चहा ओतता ओतता म्हणायच्या.

"पिल्लं आहेत गं तिला. तिनं काय उपाशी ठेवायचं का त्यांना?"

"माझ्याच अळ्या दिसतात का तिला? सगळी दुनिया मोकळी पडलीय."

"तुझ्या चांगल्या पोसलेल्या असतात," काका मनापासून म्हणायचे, आणि मग दुपारपर्यंत अबोला.

शेवटी तह झाला. मागची गॅलरी पक्ष्यांची, तिथे पाण्याचं पसरट भांडं. पुढची गॅलरी अळ्यांची, तिथे लिंबाच्या कुंड्या आणि कुंड्यांवर जाळी. तह कागदावर नव्हता, पण दोन देशांनी पाळला नसता इतका कसोशीनं पाळला जाई.

वसाहतीच्या मागे, कुंपणभिंतीच्या कडेनं, जमिनीचा एक लांबट पट्टा होता. कोणाचंच लक्ष नसल्यामुळे तो फार सुखात होता. तिथे रुई माजली होती, घाणेरीची जाळी होती, एक आपोआप उगवलेलं लिंबाचं झाड होतं, आणि नळाच्या गळतीनं कायम ओला राहणारा चिखलाचा तुकडा होता. त्या चिखलावर उन्हं चढली की फुलपाखरं पाणी प्यायला बसत. बाई दवाखान्यात जायच्या आधी तिथे उकिडव्या बसून असत आणि काका वर तारेकडे बघत उभे असत. येणारे-जाणारे म्हणत, या दोघांचं काहीतरी हरवलंय.

मग नगरपालिकेनं वसाहतींची स्पर्धा जाहीर केली. सगळ्यात हिरव्या वसाहतीला बक्षीस. वसाहतीच्या अध्यक्षांचं फरशांचं मोठं दुकान होतं. त्यांच्या घरात फरशी भिंतींवर चढली होती आणि छताकडे निघाली होती. त्यांनी कुठल्याशा कॅलेंडरवर बागेत बागडणारी फुलपाखरं पाहिली आणि ठरवलं, आपण मागच्या पट्ट्यात फुलपाखरू उद्यान करायचं.

"तज्ज्ञ तर आपल्या घरातच आहे," असं सभेत सांगितलं ते ताईंनी. ताई म्हणजे काकांची थोरली बहीण, समोरच्याच इमारतीत राहायच्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आणि वसाहतीच्या सचिव. ताईंचं अक्षर छापल्यासारखं होतं, आणि एकदा त्यांनी लिहिलेली गोष्ट बदलायची म्हणजे देवालाही अर्ज करावा लागला असता.

बाई हरखून गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना अळ्यांबद्दल आपण होऊन विचारत होतं, आणि तेही तोंडात कापूस नसताना. त्या रात्री जागून तयारी करणार होत्या, पण तयारी करण्यासारखं काही निघालंच नाही. पुढच्या सभेत उभं राहून त्यांनी जे होतं ते सांगून टाकलं.

"उद्यान तयारच आहे. त्याला हात लावू नका म्हणजे झालं."

अध्यक्षांनी घसा खाकरला.

"डॉक्टरबाई, तिथे नुसतं रान आहे."

"रानच लागतं. रुईवर एक जात अंडी घालते, लिंबावर दुसरी. अंड्यातून अळ्या येतात, त्या पानं खातात..."

"अळ्या?" खजिनदार बँकेतून निवृत्त झाले होते. नको ती गोष्ट कागदावर दिसली की त्यांचा आवाज चढायचा, तसा चढला. "उद्यानात अळ्या कशाला?"

"त्यांचीच फुलपाखरं होतात."

"सगळी?"

"सगळी," बाई म्हणाल्या. दुसरीच्या मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट सांगताना त्यांना उगाचच अपराध्यासारखं वाटायला लागलं.

"म्हणजे अळ्यांशिवाय फुलपाखरू येतच नाही?" अध्यक्षांनी विचारलं. 'याच्याशिवाय ते येत नाही' म्हणणारे घाऊक व्यापारी त्यांनी आजवर पुष्कळदा नमवले होते. "काहीतरी मार्ग असेल. आजकाल सगळ्यावर मार्ग निघतो."

मागून कोणीतरी म्हणालं की अळ्या अंगावर पडल्या तर खाज सुटते. दुसरं कोणी म्हणालं की आमच्या सूनबाईंना अळी बघूनच चक्कर येते. लिंबाच्या अळ्या लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून तर त्या जगतात, असं बाईंनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. त्या एका वाक्यानं होतं नव्हतं तेही गेलं. तासाभरानं ठराव झाला आणि ताईंनी तो आपल्या सुरेख अक्षरात लिहून वाचून दाखवला: "वसाहतीत फुलपाखरांचं सहर्ष स्वागत आहे. अळ्यांना मज्जाव आहे."

घरी येताना काका हसत होते. बाई म्हणाल्या, "तुमच्याच बहिणीनं लिहिलाय."

"व्याकरणात एकही चूक नाही," काका म्हणाले, आणि बायकोचा चेहरा पाहून त्यांनी हसू गिळलं.

बाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. त्याच आठवड्यात अध्यक्षांची दाढ ठणकायला लागली आणि ते गाल धरून दवाखान्यात आले. बाईंनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, हिरडीत इंजेक्शन देऊन अर्धं तोंड बधिर केलं, तोंडात नळी अडकवली, आणि मगच विषय काढला.

"सगळं करा तुम्ही. फरशा घाला, बाकं घाला. फक्त कोपऱ्यातलं लिंबाचं झाड आणि रुईची झुडपं तेवढी ठेवा. कोणाला दिसणारसुद्धा नाहीत."

"आं," अध्यक्ष म्हणाले.

"औषध मारू नका तिकडे. एवढं ऐका माझं."

यंत्र घरघरत दाढेत शिरलं. "आं, आं," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाटलं, माणूस पाषाणहृदयी नाही. त्यांनी त्या दिवशी दाढ इतकी निगुतीनं भरली की नुसती बघत बसावी.

दोन दिवसांनी मागच्या पट्ट्यात कोयते चालले. बाई धावत गेल्या तेव्हा रुई आडवी झाली होती आणि लिंबाच्या बुंध्याशी कामगार उभे होते. अध्यक्ष सावलीत उभे राहून फरशांचा रंग निवडत होते.

"तुम्ही मला हो म्हणाला होतात," बाई म्हणाल्या.

"मी 'आं' म्हणालो होतो," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा गाल आता चांगला उतरला होता. "दाढ मात्र झकास झाली हं. काही खुपत नाही."

लिंबाचं झाड तोडायच्या आधी थोडा वेळ द्या, एवढंच बाईंनी मागितलं. कामगारांना चहा प्यायचाच होता. बाईंनी काकांना हाक मारली, दवाखान्यातून कवळ्या ठेवायच्या प्लास्टिकच्या डब्या मागवल्या, आणि दोघं नवराबायको लिंबाच्या काट्यांत हात घालून अळ्या वेचायला लागले. काकांना जवळचं नीट दिसत नसे. त्यांनी दुर्बीण उलटी धरून पाहिली, मग कंटाळून बोटांनीच चाचपायला लागले. हिरव्या अळीला हात लागला की ती डोक्यातून दोन केशरी शिंगं बाहेर काढायची आणि उग्र वास सुटायचा.

"रागावली वाटतं," काका म्हणाले.

"मी असते तर मीही काढली असती."

घरच्या कुंड्यांत सगळ्या मावेनात, म्हणून काही डब्या दवाखान्यात ठेवल्या. तिथे एक गोंधळ झाला. दुरुस्तीला टाकलेली कवळी न्यायला एक आजोबा आले. बाहेर बसणाऱ्या मदतनीस बाईनं चुकून भलतीच डबी हातात दिली. आजोबांनी ती उघडली, बराच वेळ आत पाहिलं आणि अदबीनं परत केली. "ही माझी नाही," ते म्हणाले.

घरी तर काकांची खरी परीक्षा होती. अळ्या इतक्या झाल्या की पुढच्या गॅलरीतल्या जाळ्या पुरेनात. उघड्या कुंड्यांची बातमी बुलबुलीला लागायला वेळ लागला नाही. पहिल्या दिवशी बाई दवाखान्यातून परतल्या तर काका गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले. हातात वर्तमानपत्राची सुरळी, दुर्बीण आत खुंटीला.

"काय करताय?"

"हाकलतोय," काका खाली बघत म्हणाले. ज्या माणसानं आयुष्यभर पक्ष्यांना बिचकवू नका म्हणून लोकांना दटावलं, तो बुलबुलीला शुक शुक करत होता, आणि तेही असं की तिला फार वाईट वाटू नये. मागच्या गॅलरीतलं पाण्याचं भांडंही त्यांनी उचलून ठेवलं होतं. पाणी नाही म्हटल्यावर ती मंडळी इकडे फिरकणार नाहीत, असा हिशेब. बाईंनी त्या दिवशी चहाबरोबर न मागता दोन बिस्किटं जास्त ठेवली.

अळ्यांचे कोष झाले, कोषांची फुलपाखरं झाली. एकेक करून ती गॅलरीच्या कठड्यावर पंख वाळवायची आणि उडून जायची. वसाहतीच्या नव्या उद्यानाकडे त्यांतल्या एकानंही ढुंकून पाहिलं नाही. पाहण्यासारखं तिथे काही नव्हतंच. पट्टाभर फरशी होती, फरशीवर हिरवी प्लास्टिकची गवताची पट्टी होती, कुंड्यांतून घट्ट पाकळ्यांची अशी फुलं होती की मधापर्यंत कुठल्याही प्राण्याची सोंड पोचू नये, आणि मधोमध सिमेंटचं एक अवाढव्य फुलपाखरू होतं. त्याच्या पंखांमध्ये बसून फोटो काढता यायचे. नळाची गळतीही दुरुस्त झाली होती. उद्यानात सगळं होतं, फुलपाखरं सोडून.

परीक्षक यायचा दिवस जवळ आला तसे अध्यक्ष अस्वस्थ झाले. पण ते धंदेवाले होते. समारंभांना जिवंत फुलपाखरं पुरवणारा एक व्यापारी त्यांनी शोधून काढला. कार्यक्रमाच्या सकाळी एक गारेगार पेटी आली. आत एकेका कागदी पाकिटात एकेक पांढरं फुलपाखरू, थंडीनं निपचित पडलेलं.

परीक्षक तिघे होते. त्यांच्या प्रमुख बाई नगरपालिकेत अधिकारी होत्या, आणि त्या दिवशी त्यांनी इतक्या वसाहती पाहिल्या होत्या की त्यांना आता सगळं एकच दिसत होतं. सगळी वसाहत नटूनथटून जमली. ताई कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करत होत्या. डॉक्टरबाई आल्या त्या केवळ ताईंनी निरोपावर निरोप धाडले म्हणून. काकांना त्यांनी बजावून ठेवलं होतं, काही बोलू नका, आपला काही संबंध नाही.

अध्यक्षांनी पाकिटं उघडून फुलपाखरं फरशीवर ठेवली. ती तशीच पडून राहिली. टाळ्या वाजवायला वर केलेले हात लोकांनी हळूच खाली घेतले. मग ऊन लागलं, फरशी तापली, आणि एक फुलपाखरू थरथरत वर उठलं. मग दुसरं. मग एकदम सगळीच. क्षणभर ते फार सुंदर दिसलं, हे बाईंनाही कबूल करावं लागलं.

तेवढ्यात तारेवर बसलेला काळा कोतवाल पक्षी खाली झेपावला. चोचीचा टक असा आवाज झाला आणि दोन पांढरे पंख तरंगत खाली आले. मागोमाग दुसरा कोतवाल आला. मग कुठूनसे हिरवे वेडे राघू आले, हवेतल्या हवेत गिरकी घेऊन फुलपाखरू टिपायचे, तारेवर नेऊन आपटायचे आणि गिळायचे. सूनबाईंना चक्कर आली. अध्यक्ष पंखा मारल्यासारखे दोन्ही हात हलवत फिरायला लागले.

काकांना राहवलं नाही. "वेडा राघू," ते म्हणाले, आधी स्वतःशी आणि मग खणखणीत आवाजात. "तो बघा, तो शेपटीला काडीसारखं पीस असलेला. आणि कोतवालाची झेप बघा. इतक्या जवळून मीसुद्धा कधी पाहिली नाही. जोडी आहे, पिल्लं असणार आसपास." त्यांनी दुर्बीण काढून प्रमुख बाईंच्या हातात दिली. अधिकारीबाईंनी ती डोळ्यांना लावली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जागा झाला.

"हे खाद्य तुम्ही मुद्दाम पक्ष्यांसाठी सोडलंत?" त्यांनी दुर्बीण खाली न घेताच विचारलं.

अध्यक्षांचे हात हवेत थांबले. "अर्थात," ते म्हणाले.

वसाहतीला 'पक्षीमित्र वसाहत' म्हणून उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की पक्षी हाच आमच्या योजनेचा गाभा होता, फुलपाखरू हे निमित्त. ताईंनी तेही लिहून घेतलं. आणि पुढच्या कामासाठी तज्ज्ञ सल्लागार म्हणून दुर्बीणकाकांची नेमणूक झाली. शाल मिळाली. काका ती पांघरूनच घरी आले.

बाई त्यांच्याशी बोलत नव्हत्या. जेवणं झाली, भांडी झाली, तरी नाही.

"पेटीतली होती गं ती," काका शेवटी म्हणाले. "तशीही जगली नसती."

"माझ्या डोळ्यांदेखत खाल्ली. आणि तुम्ही नावं घेऊन कौतुक करत होता, बारशाला आल्यासारखं."

"तोंडातून निघून गेलं."

"आता सल्ला द्या जाऊन. द्या, फरशीवर दाणे टाका म्हणावं."

काका शालीची घडी घालायला लागले. पाण्याचं भांडं मात्र त्यांनी अजून जागेवर ठेवलं नव्हतं, हे बाईंनी झोपायच्या आधी पाहिलं.

सल्लागारांची पहिली सभा भरली तेव्हा बाई शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. नवऱ्याची फजिती बघायला, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. अध्यक्ष प्रसन्न होते.

"बोला काका. पक्षी यायला काय लागतं? दाणे टाकू?"

"दाण्यांना कबुतरं येतात," काका म्हणाले. "आणि ती गाड्यांवर बसतात."

अध्यक्षांची गाडी नवी होती. "मग दाणे नकोत. दुसरं काय?"

"पिल्लांना मऊ लागतं. अळ्या लागतात."

सगळे ताईंकडे वळले. ताईंनी चष्मा वर केला. "अळ्यांना मज्जाव आहे. ठराव झालेला आहे."

"तो ठराव फुलपाखरांच्या अळ्यांचा होता, ताई," काका शांतपणे म्हणाले. "या पक्ष्यांच्या अळ्या."

सभागृहात एक सुटकेचा निःश्वास पसरला. खजिनदारांनी हळूच विचारलं, "त्या वेगळ्या असतात का?"

"यांचा उपयोग वेगळा," काका म्हणाले.

बाई मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. नवऱ्याकडे बघायची त्यांना सोय नव्हती, बघितलं असतं तर सभेत फिदीफिदी हसल्या असत्या. काकांना हे घरीच आधी सुचलं होतं का ऐनवेळी, हे त्यांनी नंतर खोदून खोदून विचारलं. "मी सल्लागार आहे," एवढंच उत्तर मिळालं.

ठराव झाला. अळ्यांची पैदास करण्यासाठी भिंतीकडच्या अर्ध्या पट्ट्यातली फरशी काढायची, वनस्पती निवडीचे सर्व अधिकार डॉक्टरबाईंना, आणि औषध फवारणी पूर्ण बंद. फरशी अध्यक्षांच्याच माणसांनी काढली. खाली रुईची मुळं जिवंतच होती. बाईंनी फारसं काही लावलंच नाही, नुसत्या वाट बघत बसल्या. पाऊस-पाण्याचे दिवस गेले आणि रुई कमरेएवढी झाली. कुठूनशी घाणेरीही परतली. तिथे एक पाटी लागली, 'पक्षी खाद्य विभाग', ताईंच्या अक्षरात.

काही दिवसांनी ताई पाहणीला आल्या. रुईच्या पानापानावर काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांच्या गुबगुबीत अळ्या उघड्यावर बसल्या होत्या, लपायची कसलीही काळजी न करता. वर तारेवर कोतवाल होता, भिंतीवर बुलबुल होती. दोघंही इकडे पाठ करून बसलेले.

रुईच्या चिकात विष असतं. ते त्या अळ्यांच्या अंगात मुरतं आणि त्यांच्या फुलपाखरांतही उतरतं. एकदा चोच लावली की पक्षी पुन्हा नाव घेत नाही. ही गोष्ट बाईंना ठाऊक होती, काकांना ठाऊक होती, आणि त्या भागातल्या एकूण एक पक्ष्याला ठाऊक होती.

"अगं, एवढ्या अळ्या," ताई म्हणाल्या. "पक्षी खात कसे नाहीत?"

बाईंनी एक वाळकं पान उचलून बाजूला टाकलं.

"पोट भरलेलं असेल, ताई."

"तसं लिहू का अहवालात?"

"लिहा की," बाई म्हणाल्या, आणि ताईंनी उभ्याउभ्याच लिहिलं.